हातगुण

बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्या स्टुलावर घट्ट बसून राहिल्या. समोर चार पावलांवर पणबाई ओल्या कापडावर इलेक्ट्रोड घासत होती. इंग्रजी आठाच्या आकड्यात, संथपणे, एका लयीत. मधेच थांबून तिने तो पेन्सिलीएवढा इलेक्ट्रोड उजेडात धरला, त्याचं काळं टोक निरखलं आणि पुन्हा घासू लागली. इकडे मांड्यांखाली बाईंची बोटंही आपोआप आठ गिरवत होती.

“बाई, हात जरा दिसू द्या,” या प्रयोगशाळेचे दाढीवाले प्राध्यापक म्हणाले.

“का? इथून वीज सोडतेय असं वाटलं की काय तुम्हाला?”

खिडकीजवळ फाइल घेऊन बसलेला संशोधन मासिकाचा निरीक्षक फिसकन हसला आणि लगेच गंभीर झाला. बाईंनी हात काढून गुडघ्यांवर ठेवले. त्यांच्या पायांपुढे फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावलेली होती. आज ती ओलांडायची नाही, असं ठरलं होतं. मासिकाच्या पत्रात अटी स्पष्ट छापल्या होत्या: प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत होईल, तिथलीच काच, तिथलंच पाणी, तिथलीच यंत्रं वापरली जातील आणि करणारा हात मूळ लेखिकेचा नसेल. जमलं तर बाईंचा शोधनिबंध राहील. नाही जमलं तर तो मागे घेतला जाईल. मागे घेतलेला निबंध म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एकोणीस वर्षांचं काम आणि त्यावर एक आडवा शिक्का. बाईंच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

काम सांगायला सोपं होतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. औषधाच्या कामी येणारी माळ एकेक मणी ओवत बनवायची तर जन्म जातो. त्यापेक्षा लांबलचक माळ जिवाणूंकडून वाढवून घ्यायची आणि हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा, हे सोयीचं. पण कापणार कशाने? त्यासाठी जे रसायन वापरत, ते इतकं विषारी, की त्याची बाटली उघडताना माणसं घरच्यांची आठवण काढत. बाईंनी ते काम विजेकडून करून घेतलं. तेवीस मण्यांची माळ पाण्यात विरघळवली, त्यात इलेक्ट्रोड सोडले, चाळीस मिनिटं बेताबेताने वीज दिली, आणि माळ बरोबर चौदाव्या मण्यापाशी तुटली. बाकीच्या मण्यांना धक्काही नाही. विष नाही, वास नाही, उरलेलं पाणी मोरीत ओतता येईल इतकं साधं.

अडचण एवढीच होती, की हे सगळं बाईंनी केलं तरच व्हायचं.

त्यांचे विद्यार्थी करायचे, व्हायचं नाही. दोन परक्या प्रयोगशाळांनी केलं, झालं नाही. विद्यार्थी हात टेकायचे तेव्हा बाई पदर खोचून बसायच्या आणि पहिल्याच खेपेला माळ कापून दाखवायच्या. सगळे म्हणायचे, बाईंचा हातगुण. आता स्वयंपाकात हातगुण असतो, रोपं लावण्यात असतो, एखादीने सुई टोचली तर दुखत नाही तोही हातगुणच. पण रसायनशास्त्रात हा शब्द म्हणजे शिवी. जे एकाच हाताला जमतं त्याला शोध म्हणत नाहीत. या दाढीवाल्या प्राध्यापकांनी तर चारशे माणसांच्या परिषदेत उभं राहून सुनावलं होतं, “जादूचे प्रयोग तिकीट लावून करतात, शोधनिबंधात नाही.” सभागृह खो खो हसलं होतं. बाईही हसल्या होत्या. न हसून करणार काय?

आणि खरं बोलायचं तर हातगुण म्हटलं की बाई वरवर चिडायच्या, पण आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या.

पणबाईने इलेक्ट्रोड तीनदा धुतला आणि काचपात्रात उतरवला. मग पुडीतून प्राध्यापकांनी काढून दिलेला कोरा करकरीत संदर्भ इलेक्ट्रोड घेतला. काचेची एक नळी, आत पोटॅशियम क्लोराइडचं पाणी, म्हणजे मिठाच्या चुलतभावाचं पाणी, आणि टोकाला बारीक भोकांचं बूच. बाकीच्या इलेक्ट्रोडवर विजेचा किती दाब आहे हे या नळीवरून मोजायचं. तिने स्वतः प्रयोगात काही करायचं नसतं. लग्नातल्या वडीलधाऱ्यांसारखं नुसतं उपस्थित राहायचं.

बाईंकडे अशी एक नळी होती. पंचवीस वर्षांची. संस्थेच्या काचकाम करणाऱ्याने हाताने बनवलेली, सगळे तिला म्हातारी म्हणायचे. म्हातारीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला बाईंना खपत नसे. दर शनिवारी त्या स्वतः तिच्यातलं कमी झालेलं पाणी भरायच्या. “म्हातारीला पाणी पाजलं का?” असं विद्यार्थी हसत विचारायचे. बाईंना त्याचा अभिमान होता. इतकी जुनी वस्तू कोण एवढ्या निगुतीने वापरतं?

पणबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. नऊ वर्षांपूर्वी ती बाईंकडे संशोधन करत होती तेव्हा तिचं प्रत्येक वाक्य ‘पण बाई’ने सुरू व्हायचं. पण बाई, हे असंच का? पण बाई, तसं केलं तर? म्हातारी मिळणार नाही म्हटल्यावर तिने रीतसर नवा संदर्भ इलेक्ट्रोड मागवला आणि कामाला लागली. बासष्ट वेळा प्रयोग केला. बासष्ट वेळा माळ अखंड. त्रेसष्टाव्या वेळी बाई स्वतः बसल्या, आपली म्हातारी घेऊन, आणि माळ कापून उठल्या. उठता उठता सगळ्या पोरींदेखत म्हणाल्या, “तुझ्या हाताला गुणच नाही.” उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढच्या महिन्यात पणबाई प्रबंध अर्धा टाकून निघून गेली, आणि बाईंना त्याचं फारसं काही वाटलंही नव्हतं.

मासिकाचं पत्र आलं तेव्हा बाईंच्या दोन्ही विद्यार्थ्यांनी महिनाभर प्रयत्न केले. नाही म्हणजे नाही. शेवटी बाई कोठीत गेल्या आणि जुन्या वह्या काढून बसल्या. कोण कुठे चुकलं ते शोधायचं, म्हणजे पुढच्याला टाळता येईल, एवढाच हेतू. पणबाईची वही त्यांनी सगळ्यात शेवटी उघडली. अक्षर टपोरं, तारखा चोख. सत्तेचाळिसाव्या प्रयोगाखाली तिने लिहिलं होतं:

‘बाईंची नळी दर आठवड्याला भरावी लागते. माझी तीन महिन्यांत एकदाही नाही. म्हणजे बाईंची गळत असेल का? तिच्यातलं क्लोराइड पात्रात उतरत असेल तर? कदाचित कापण्याचं काम क्लोराइड करत असेल आणि वीज फक्त त्याला जागं करत असेल. मुद्दाम थोडं क्लोराइड घालून पाहायला हवं.’

खाली लाल शाईत, बाईंच्याच हस्ताक्षरात: ‘आधी हात सुधारा.’ आणि वळणदार सही.

बाई तिथेच गोणपाटावर बसून राहिल्या. मग त्या प्रयोगशाळेत आल्या, म्हातारीला शुद्ध पाण्यात चाळीस मिनिटं उभी केली आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. क्लोराइड ओळखायची ही परीक्षा शाळेतली पोरंही करतात. पाणी दुधासारखं पांढरं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही एकोणीस वर्षांचा.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक होता, आता निवृत्त.

“अहो, एखादी गाडी दर शनिवारी तेल मागत असेल तर तुम्ही काय म्हणाल?”

“गळतेय म्हणेन.”

“आणि मालक म्हणाला, बघा मी गाडीची किती काळजी घेतो, तर?”

“तर त्याला म्हणेन, बाबा, तू सायकल घे.”

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने काही न विचारता दिवा बारीक केला आणि शेजारी येऊन बसला.

पणबाईचा पत्ता लागायला चार दिवस लागले. ती गोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर थोड्या आठ्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये बाईंनी वही टेबलावर ठेवली आणि ते पान उघडलं. पणबाईने ते वाचलं नाही. तिला पाठ असावं.

“हे माझ्याकडे घेऊन यायला नऊ वर्षं लागली?” ती म्हणाली.

“मी सही केली होती. वाचलं नव्हतं.”

“लाल शाईत शेरा लिहिलात की.”

“न वाचता लिहिला.”

पणबाईने चहाचा कप बाजूला सारला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी ताटल्या एकात एक रचत होतं.

“तुम्हाला गंमत सांगू, बाई? मी घरी भाजीत मीठसुद्धा नवऱ्याला घालायला सांगते. सासूबाई म्हणतात, काय बाई आहे, साधं मीठ घालत नाही. मी सांगते, माझ्या हाताला गुण नाही. सगळे हसतात. मीही हसते.”

चारशे माणसांचं हसणं बाईंना लागलं नव्हतं इतकं हे एक वाक्य लागलं. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

“चूक माझी होती,” त्या म्हणाल्या. “तुझं बरोबर होतं. हे मला चारचौघांत म्हणायचं आहे. आणि तो प्रयोग तू करावास असं मला वाटतं. नाही म्हणालीस तरी तुझं बरोबर होतं हे मी म्हणणारच आहे.”

“तुमचा निबंध वाचवायला मी यायचं?”

“हो. तसंच आहे ते.”

या उत्तराने पणबाई थोडी नरमली. गोड बोलून बाई तिला गुंडाळतील अशी तिची अटकळ होती.

“मी तुमच्यासाठी नाही येणार,” ती वही जवळ ओढत म्हणाली. “पण सत्तेचाळिसाव्याचं उत्तर मला बघायचंय.”

तिने साठवलेली सगळी रजा काढली. बाईंच्या प्रयोगशाळेत तीन आठवडे तिने आणि दोघा विद्यार्थ्यांनी प्रयोग केले. नवी नळी आणि मोजून घातलेलं क्लोराइड: माळ कापली जायची, दर वेळी. क्लोराइड नाही: माळ अखंड, दर वेळी. बाईंनी या काळात कशालाही हात लावला नाही. पत्रातली अट आहे, सवय व्हायला हवी, असं त्या सांगत. म्हातारीही कपाटात गेली, कापसात गुंडाळून.

आता त्या पिवळ्या पट्टीमागे बसून बाई बघत होत्या. पणबाईने पोटॅशियम क्लोराइड तोललं. साडेसात मिलिग्रॅम, चिमटीतही येणार नाही एवढं. प्राध्यापकांनी स्वतः तराजूचा आकडा वाचला, निरीक्षकाने तो टिपून घेतला.

“म्हणजे एवढ्या मोठ्या शोधात मीठ कमी होतं म्हणायचं,” प्राध्यापक दाढीतून म्हणाले.

“कमी नव्हतं,” बाई म्हणाल्या. “होतं, पण ते कुणी घातलं हे घालणारीलाच माहीत नव्हतं. कुणाला कळलं होतं ते मी शेवटी सांगणार आहे, तेवढं लिहून घ्या.”

पणबाईने वीज सुरू केली. पडद्यावर विद्युतधारेची रेघ सरकू लागली. पहिली दोन मिनिटं ठीक गेली. तिसऱ्या मिनिटाला रेघ थरथरली, वर गेली, खाली आली, आणि चळ लागल्यासारखी नाचू लागली.

बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या. काय झालंय ते त्यांना इथून दिसत होतं. दिसत नव्हतं, पण कळत होतं. त्यांच्या घशापर्यंत शब्द आला आणि निरीक्षकाने मान वर केली. बाई खाली बसल्या. बोलणं म्हणजे मदत, आणि मदत म्हणजे प्रयोग बाद. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला. एवढी वर्षं पोरींच्या हातातून काम काढून घ्यायची सवय, ती काय अशी चार पावलांवर बसून जाते?

पणबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती वाकली, पात्राच्या काचेला जवळजवळ नाक लावलं आणि क्षणभर तशीच राहिली. मग नखाने संदर्भ नळीवर एक टिचकी मारली. हलकेच, बाळाच्या गालावर मारावी तशी. नळीच्या बुचाखाली अडकलेला हवेचा बुडबुडा सुटला आणि टपकन वर आला. रेघ शांत झाली.

“अरे वा,” प्राध्यापक म्हणाले. ते त्यांच्या तोंडून निसटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

चाळीस मिनिटांनी पणबाईने पात्रातला थेंबभर नमुना काढला आणि तपासणी यंत्रात सोडला. या यंत्रातून लहान तुकडे आधी बाहेर येतात, मोठे नंतर. माळ कापली असेल तर चौथ्या आणि सहाव्या मिनिटाला एकेक शिखर उमटणार. कापली नसेल तर ती दोन्ही मिनिटं कोरी जाणार आणि नवव्या मिनिटाला अख्ख्या माळेचं एकच शिखर येणार. तिघंही पडद्यासमोर उभी राहिली. बाई पट्टीमागूनच मान वळवून बघत होत्या.

चौथ्या मिनिटाला रेघ उचलली गेली. सरळ, उंच, सुईसारखी.

सहाव्या मिनिटाला दुसरी उठली. मग सातवं, आठवं. नवव्या मिनिटाला प्राध्यापक पुढे वाकले. रेघ सपाट होती. अखंड माळ नावालाही उरली नव्हती.

“झालं,” पणबाई म्हणाली. मग जरा मोठ्याने, “बाई, झालं!”

“दिसतंय गं, दिसतंय!” बाई ओरडल्या. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं होतं, नाहीतर त्या पट्टीवरून उडी मारून गेल्या असत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ही दोन शिखरं परक्या छपराखाली, परक्या पाण्यात, दुसऱ्या कुणाच्या हातून उठली होती. बाईंना स्वतःला जमायचं तेव्हा असा आनंद कधी झाला नव्हता. हा काही वेगळाच होता, पोटातून वर येणारा.

निरीक्षक लिहीत होता. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“मानलं,” ते म्हणाले. “पण एक राहिलं. हेच सगळं, क्लोराइड न घालता. ते नाही झालं की माझी सही. मग मी परिषदेत जे बोललो तेही परत घेईन. चारशे माणसांसमोर.”

“करते,” पणबाईने नवं पात्र घ्यायला हात पुढे केला.

“थांब,” बाई म्हणाल्या. “ते मी करते.”

प्राध्यापकांनी भुवया वर केल्या. “अटीत बसत नाही, बाई.”

“अट जमवून दाखवायची होती, ती हिने पुरी केली. आता न जमण्याची गोष्ट आहे. हिने केलं आणि नाही झालं, तर उद्या कुणीतरी म्हणेल, हिला कधीच जमत नव्हतं. माझ्या हातून नाही झालं, तर बोलायला जागा राहते का कुणाला?”

प्राध्यापक दाढी कुरवाळत राहिले. “आणि झालं तर?”

“झालं तर माझा निबंध खोटा, हिचं म्हणणं खोटं आणि मी जादूगार. तुम्ही तिकिटं छापा.”

निरीक्षकाने फाइलीत पाहिलं, डोकं खाजवलं आणि होकाराची मान डोलावली. बाईंनी पिवळी पट्टी ओलांडली.

त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, हातमोजे चढवले. ओल्या कापडावर इलेक्ट्रोड टेकवला आणि आठ गिरवायला लागल्या. पणबाई बाजूला उभी राहून बघत होती. बाईंचे हात म्हणजे काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? एक थेंब इकडे नाही, एक तिकडे नाही. इलेक्ट्रोड पाण्यात उतरताना पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. नवी नळी त्यांनी तिरपी करून सोडली, म्हणजे बुडबुडा धरणारच नाही. वीज सुरू केली आणि रेघ पहिल्या सेकंदापासून काचेसारखी स्थिर. प्राध्यापकांच्या विद्यार्थिनी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते कळलंही नाही.

शास्त्राप्रमाणे काही होणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं. तीन आठवडे क्लोराइडवाचून इतरांच्या हातून झालं नव्हतं. पण त्यांच्या स्वतःच्या हातून, म्हातारीवाचून, हा प्रयोग त्यांनी कधीच केला नव्हता. सवय व्हायला हवी वगैरे सगळं खरं, पण खरं कारण ते नव्हतं. विसाव्या मिनिटाला, पात्राकडे बघता बघता, त्यांना मनातला चोर सापडला. व्हावं असं वाटत होतं त्यांना. नळी गळकी असेल, क्लोराइड असेल, सगळं असेल. पण त्याउपर थोडंसं, रतीभर, आपल्या हातातही असावं. साठी उलटलेल्या बाईला हे शोभत नव्हतं, आणि तरी ते होतं. त्यांनी विजेचा दाब किंचितसा नीट करून घेतला. हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

चाळीस मिनिटं भरली. नमुना यंत्रात गेला.

चौथं मिनिट आलं. रेघ सपाट. बाईंच्या छातीत काहीतरी लकाकलं आणि विझलं. सहावं मिनिट आलं आणि तसंच गेलं. नवव्या मिनिटाला एक शिखर उठलं, एकच, भलंमोठं, रुबाबदार. तेवीसच्या तेवीस मणी जागच्या जागी.

“नाही झालं!” बाई म्हणाल्या. आणि मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, “अहो, माझ्या हातून नाही झालं!”

दारातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी निरीक्षकाच्या हातातून पेन घेतलं आणि दोन्ही आलेखांवर सही ठोकली. “बाई, निबंध शाबूत,” ते म्हणाले.

“शाबूत, पण दुरुस्त करून. आता लिहून घ्या,” बाईंनी निरीक्षकाला सांगितलं. “माळ कापली जाते हे खरं. ती का कापली जाते हे मी चुकीचं लिहिलं होतं. बरोबर कारण नऊ वर्षांपूर्वी हिने लिहून ठेवलं, प्रयोग सत्तेचाळीस. वही मी आणली आहे. त्यावर माझा लाल शाईतला शेरा आहे, तोही छापा.”

“शेरा कशाला, बाई?” निरीक्षक अवघडला.

“छापा म्हणते ना.”

प्राध्यापकांनी पणबाईपुढे हात केला. “आमच्या प्रयोगशाळेत कधी यावंसं वाटलं, तर सांगा.”

पणबाईने त्यांचा हात हातात घेतला, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. ती दुसऱ्या आलेखाकडे बघत होती, चौथ्या आणि सहाव्या मिनिटाच्या त्या कोऱ्या जागांकडे. लोक पांगले, निरीक्षक सह्या तपासायला खिडकीशी गेला, तेव्हा ती बाईंच्या जवळ सरकली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “खरं सांगा. माझ्यासाठी मुद्दाम बिघडवलंत ना?”

बाई हातमोजे काढत होत्या. घामाने ते बोटांना चिकटले होते, निघता निघत नव्हते. पणबाईने मनगटाशी धरून एकेक मोजा ओढून काढला.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “जीव ओतून केलं.”